डोंगराला गोधडी

वणवा लागला त्या संध्याकाळी मी चारकोपला माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते, आणि आई मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या ओट्यावर बसून तो वणवा बघत होती. आम्हा मायलेकींच्या मध्ये एक अख्खं जंगल आहे. त्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती. फोनवर ती म्हणाली, "डोंगर पेटलाय गं." आवाज असा, की गॅस संपलाय हेच सांगतेय.

"मग तू तिथं काय करतेयस? नीघ ना!"

"कुठं निघू? आग वर चढते, खाली नाय येत." एवढं बोलून तिनं फोन ठेवून दिला. मी गॅलरीत गेले. आमच्या बाजूनं जंगल नेहमीसारखं गप्प, निळसर होतं. त्याच्या पलीकडे माझी आई जळणाऱ्या डोंगराकडे तोंड करून बसली आहे, हे कितीतरी वेळ खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. मी साकीनाक्याला एका कपड्याच्या युनिटमध्ये चेकर आहे. दिवसभर उसवलेली शिलाई, सुटलेला धागा, पडलेला डाग शोधायचा आणि तो माल बाजूला काढायचा. त्यामुळे कुठंही गेलं तरी मला आधी खोट दिसते, असं नवरा म्हणतो. तो डोंगर बघून मात्र खोट कुठली आणि चांगलं कुठलं तेच कळेना. सगळा उतार काळा. गल्लीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसलेली. वारा आला की ती पुन्हा उठायची आणि घरांवरून हळूहळू, अगदी बिनघाईनं, खाली यायची.

गवत गेल्यामुळे एक गोष्ट मात्र उघडी पडली होती. उतारावर आडव्या, एकावर एक, दगडांच्या रांगा. माझ्या वडिलांनी रचलेल्या ताली. मी लहान असताना एका पावसात वरची माती थेट घरात आली होती, तेव्हापासून दर रविवारी ते वर जाऊन दगड रचायचे आणि त्यांच्या कडेला गवताचे ठोंब लावायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग गवत वाढलं, ताली त्यात बुडाल्या, वडील गेले, आणि मी ते सगळं विसरले. आता जळक्या डोंगरावर त्या रांगा एखाद्यानं बोटानं ओढल्यासारख्या दिसत होत्या. आई त्यांच्याकडे बघत चहा पीत होती.

"आता तरी चल माझ्याकडे," मी म्हटलं. हे मी दर वर्षी म्हणायचे. दर वर्षी पावसाआधी महापालिकेची माणसंही येऊन सांगायची, की हा उतार धोक्याचा आहे, घरं सोडा. गल्लीतलं कोणी जायचं नाही, आणि आई तर नाहीच नाही. पण आतापर्यंत निदान गवत होतं. आता पाऊस पडला की सगळी उघडी माती खाली येणार, हे कळायला शाळा शिकायची गरज नव्हती.

"गवत येऊ दे," आई म्हणाली.

माझं डोकं सटकलं. "तू इथं बसून बघत राहिलीस म्हणून गवत येणारय का? आई, तुला समजतंय का, मी तिकडे प्रत्येक पावसाला जीव मुठीत धरून बसते!"

"आणि आलं तर?"

"आलं तर राहा खुशाल. मी परत विषय काढणार नाही. पण पावसाळ्यात गवतानं मूळ धरलं नाही, तर गपचूप माझ्याबरोबर यायचं."

"बरं," ती म्हणाली आणि कप आत ठेवायला गेली. एवढ्या सहज मान्य केलं म्हणून मला उलट धास्तीच वाटली.

त्या दिवशी मी वर चढून आले. नाल्याच्या पलीकडे एक तुकडा आगीतून वाचला होता. तिथलं गवत कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं, आणि त्याच्या शेंड्यांना कुसळं एकमेकांत गुंतून त्यांच्या जटा झालेल्या. मी त्यातून नुसती चालले, तर परतताना बसमध्ये बसवेना. सलवारीत, ओढणीत, मोज्यांत, सगळीकडे कुसळं. पवईपर्यंत मी ती एकेक काढत होते आणि शेजारची बाई सरकून सरकून खिडकीला चिकटली होती. काढता काढता माझ्या लक्षात आलं, की नायलॉनच्या ओढणीत चारदोनच आहेत आणि सुती सलवार नुसती भरली आहे. कापडाचं एवढं कळतं मला. आणि मग हेही लक्षात आलं, की हे जे मी वैतागून पायाशी टाकतेय ते बी आहे.

पुढच्या सुट्टीला बोरिवलीच्या एका रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, डोंगर जळलाय, कुठलं बी टाकू? त्यांनी विचारलं, "आधी काय होतं?" मी पिशवीतून कुसळं काढली. त्या हसल्या. म्हणाल्या, मग हेच टाका. झाडं लावायच्या भानगडीत पडू नका, विकतचं बी तर नकोच. काही ठोंब मुळातून पुन्हा फुटतील, पण वारंवार जळलेली मुळं थकतात, त्यांच्या जोडीला नवं बी हवं. पाऊस जवळ येईपर्यंत कोरडं ठेवा. मातीत ते स्वतःच शिरतं, फक्त वाहून जाणार नाही एवढं बघा. स्वतःच शिरतं म्हणजे काय ते मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर एक कुसळ ठेवलं आणि वर पाण्याचा थेंब सोडला.

क्षणभर काही झालं नाही. मग ते लांबट काळं शेपूट हललं. वळलं, पुन्हा वळलं, आणि टोकदार बी माझ्या तळहातावर गोल गोल फिरत जागा शोधू लागलं. मी श्वास रोखून बघत राहिले. घरी जाऊन तेच नवऱ्याला करून दाखवलं, मग जेवताना ताटाच्या कडेला पुन्हा केलं. एवढंसं वाळकं काहीतरी पाण्याची वाट बघत महिनोन्महिने गप्प पडून राहतं, या विचारानं मला पुढचे कित्येक दिवस कामातही एक गुंगी होती.

बेत मी ठरवला आणि मला तो फार आवडला. सुती साड्या घ्यायच्या, वाचलेल्या गवतावरून ओढायच्या, कुसळं भरलेल्या त्या साड्या गुंडाळून ठेवायच्या, आणि पावसाच्या तोंडावर तालींच्या वर पसरून दगडांनी दाबायच्या. कापड माती धरेल, बी कापडातून मातीत जाईल. आईच्या शेजारच्या वहिनीनं गल्लीभर निरोप दिला. ही वहिनी म्हणजे भिंतीला भिंत लागलेली. आईच्या घरात मीठ संपलं तर आईच्या आधी हिला कळतं.

साड्या आल्या त्या सगळ्या पांढऱ्या. रोजच्या साड्या हल्ली कोणाच्या सुती असतात? सगळ्या झुळझुळीत, धुतली की वाळली. सुती म्हणाल तर वंदनेला नेसायची पांढरी साडी, तीच काय ती ट्रंकेच्या तळाशी. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं बौद्ध, त्यामुळे पांढऱ्या साडीला तोटा नव्हता. आईनं स्वतःची दिली ती चांगली जाड, फारशी न वापरलेली. मी म्हटलं, जुनी दे ना. ती म्हणाली, "जुनीला जोर नसतो."

जानेवारीतली ती सकाळ मला अजून खरी वाटत नाही. नाल्यावर धुकं होतं. दोघी दोघी साडीची टोकं धरून गवतातून चालत होत्या, मधला झोळ शेंड्यांवरून घासत जात होता. फक्त कापडाचा आणि गवताचा एक बारीक करकर आवाज, आणि पिवळ्या गवतावरून तरंगत जाणाऱ्या पांढऱ्या लांब पट्ट्या. मागं काळा डोंगर. आपण नक्की कुठल्या शहरात आहोत, खाली रस्त्यावर रिक्षा भांडतायत की नाही, काही कळेनासं झालं होतं.

"लांबनं आपण भुतं दिसत असणार," वहिनी म्हणाली. "कोणी व्हिडिओ काढला ना, वाट लागली."

खालून आईचा आवाज आला. ती काही वर चढली नव्हती. ओट्यावर खुर्ची टाकून तिथनंच हुकूम सोडत होती. "खाली धरा, खाली! गवताला लावा, हवेला काय लावताय!"

"सासू परवडली," वहिनी पुटपुटली आणि आम्ही सगळ्या धुक्यात हसलो.

भरलेल्या साड्या आईच्या माळ्यावर गेल्या आणि मी निश्चिंत झाले. एप्रिलमध्ये जयंती आली. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी मिरवणुकीसाठी एकसारख्या निळ्या साड्या घेतल्या होत्या, त्यामुळे कोणाला काही आठवलं नाही. मग मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली.

मी सकाळी विहारात पोचले तेव्हा सगळ्या पुढं बसलेल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीत. "झकास दिसताय गं सगळ्या," असं मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले. वंदना सुरू झाली. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि तिसऱ्यांदा शरणं म्हणत असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या साड्या माळ्यावर असायला हव्या होत्या. मी डोळे उघडले. समोर आईची पाठ. त्या पाठीवर एक कुसळ नव्हतं.

वंदना संपेपर्यंत मी कशी बसले ते माझं मला ठाऊक. खीर वाटायला सुरुवात झाली आणि मी आईला कोपऱ्यात गाठलं. "डोंगर नेसून आलीस तू!"

"हळू बोल. लोक आहेत."

"साड्या कोणी साफ केल्या?"

"आम्ही. ओट्यावर बसून, रोज दुपारी. मग पौर्णिमेला काय नेसायचं? कुसळं लागलेली साडी नेसून वंदनेला बसायचं? टोचतंय किती ते!"

"अगं पण मी सांगितलं होतं ना!"

"तू साड्या सांगितल्या. पौर्णिमा येणार हे तू कुठं सांगितलंस?"

पौर्णिमा दर वर्षी येते. ती मलाही ठाऊक होती, वहिनीलाही, सगळ्या गल्लीला. पांढऱ्या साड्या देताना एकीच्याही डोक्यात आलं नाही, की पाऊस पौर्णिमेच्या नंतर येतो. मला रडू कोसळलं. खिरीची वाटी हातात घेऊन, मोठ्या बाईनं रडावं तसं नाही, लहान पोरीसारखं. आता बी गेलं, गवत येणार नाही, माती येणार, असं मी बडबडत होते, आणि आई माझ्या हातातली वाटी कलंडू नये म्हणून ती खालून धरून उभी होती.

"झालं?" ती म्हणाली. "आता खा ती. कुसळं काय कोणी रस्त्यात टाकतं? पोरांच्या पायात जातात."

तिच्या खाटेखाली तांदळाचं एक मोठं पोतं होतं. आत ती सगळी कुसळं, तपकिरी, गुंतलेली, दाबून भरलेली. मी हात घातला आणि बोटांना टोचून घेतलं. सवयीनं बघितलं, तर त्यात साडीचा एक धागा ओढून आलेला नव्हता. माझ्या युनिटमध्ये इतकी सफाई मी अजून पाहिलेली नाही.

पण आता हे डोंगरावर नेणार कसं? मोकळं टाकलं तर वारा नेणार, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत नाल्यात. आम्ही पोत्याभोवती बसून राहिलो. मग वहिनी म्हणाली, "गोधडीत घाला ना." ती चेष्टेनं म्हणाली होती, पण ते ऐकून आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघू लागलो.

या वेळी पांढरी साडी कोणाकडून घ्यायची नाही, हे पहिलं ठरलं. घराघरातून फाटक्या चादरी आल्या, लुंग्या, विरलेले गाऊन, फुलाफुलांचे पडदे. मी मालकाला विचारून युनिटमधल्या सुती कापडाच्या चिंध्या आणल्या. खाली एक विरविरीत थर, मध्ये कुसळं, वर दुसरा थर, आणि धावदोरा. विहाराच्या पडवीत मेच्या दुपारी आम्ही त्या शिवत बसायचो. वर पंखा फिरायचा, बाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं, आणि बोलता बोलता कोणीतरी तिथंच आडवी होऊन झोपून जायची. मग बाकीच्या तिच्या अंगावरून दोरा नेत शिवायच्या. वहिनीचा नवरा येता जाता म्हणायचा, "मला घरात फाटकी चादर, आणि डोंगराला गोधडी!"

आई माझ्यावरची चेकर निघाली. "टाके लांब घाला गं. गवताला डोकं काढायला जागा ठेवा." जवळचे टाके तिनं उसवायला लावले. माझेसुद्धा.

मेच्या अखेरीस आम्ही ढासळलेल्या ताली पुन्हा रचल्या, तालींच्या वर गोधड्या आडव्या अंथरल्या, कडांना दगड ठेवले, खुंट्या मारल्या. खालून आईचे हुकूम चालूच. संध्याकाळी सगळ्या खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो. काळ्या डोंगरावर फुलं, पट्टे, चौकडी, एका चादरीवरचा मोर. जणू कोणी अंथरूण घालून ठेवलंय आणि झोपणारा अजून यायचाय. एक रिक्षावाला थांबून वर बघत राहिला आणि काही न विचारता निघून गेला.

पुढं एका दिवशी सकाळपासून पाऊस इतका कोसळला, की साकीनाक्याला रस्ता तुंबला, युनिटमध्ये आम्ही अडकलो, आणि आईचा फोन लागेना. माझ्या टेबलावरून शर्टमागून शर्ट जात होते आणि मला एकातही खोट दिसत नव्हती. मी फक्त माती बघत होते. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा पुढच्या वळणावरचा उतार, जिथं आम्ही काही केलं नव्हतं, घसरून रस्त्यावर आला होता. गटार भरून लाल चिखल घरांच्या उंबऱ्यांना लागला होता. मी पळत आमच्या गल्लीत शिरले. एक ताल कोसळली होती. दोन गोधड्या वाहून गटाराच्या जाळीला अडकल्या होत्या, त्यातली एक मोराची. आईच्या ओट्याच्या पायरीपर्यंत चिखल आला होता आणि तिथं थांबला होता. आई वरच्या पायरीवर बसून भांडी विसळत होती.

मी वर चढले. भिजलेल्या फुलाफुलांच्या पडद्यातून, लांब टाक्यांच्या मधून, बाळाच्या जावळासारखं हिरवं वर आलं होतं. सगळीकडे नाही. पट्ट्यापट्ट्यानं, कुठं दाट, कुठं नुसतीच ओली माती. मी एक गोधडी उचलून बघायला गेले तर ती उचलेना. डोंगरानं ती धरली होती.

ऑगस्टअखेर गवत गुडघ्यापर्यंत आलं. पाण्याचा जोर ओसरला होता, गल्लीत येणारं पाणी गढूळ असायचं पण चिखल घेऊन येत नव्हतं. मी पैज हरले होते आणि मला त्याचा आनंद झाला होता. आईनं तिच्या घरात, त्या गवताखाली राहावं, असं आता मलाच वाटत होतं. हे तिला सांगायला म्हणून एका रविवारी गेले, तर खाटेवर तिची पिशवी भरलेली. वर चार्जरसुद्धा.

"कुठं चाललीस?"

"तुझ्याकडे."

"अगं, गवत आलं! तू जिंकलीस. राहा की आता, मी काही म्हणत नाही."

"माझे गुडघे म्हणतायत ना. दोन वर्षं झाली. पायखान्याच्या पायऱ्या चढवत नाहीत मला. वहिनी नेते धरून, सकाळ-संध्याकाळ. पाणी पण तीच भरते."

मी खाटेवर बसले. ती वर न चढता ओट्यावरूनच हुकूम का सोडायची, ते मला आता कळलं. एवढंच विचारलं, "मग आधी का नाही आलीस? मी किती वेळा..."

"आधी कशी येऊ?" ती पदर नीट करत म्हणाली. "काळा डोंगर डोक्यावर, आणि मी पिशवी घेऊन निघाले, तर गल्ली काय समजली असती? म्हातारी पळाली म्हणजे आता डोंगर येणार. मला तुझं घर होतं. वहिनीला कुणाचं घर आहे? बाकीच्यांना? त्यांनी रोज पावसात वर बघत बसायचं? मी हाय इथं बसलेली, हे बघून झोपायची ती सगळी."

मी रडले. हे सांगायला मला लाज नाही. वहिनी दारात उभी होती, ती पण रडत होती आणि वर मलाच म्हणत होती, "रडतेस काय येडे, घेऊन जा तिला. सांभाळ."

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ओट्याच्या पायऱ्या उतरताना आईनं माझ्या हाताला धरलं. तिनं अंगाचं सगळं वजन माझ्यावर टाकलं, आणि ते इतकं होतं, की मला दुसरा हात भिंतीला लावावा लागला.